बैलाच्या डोळ्यांवरचा कर

आमच्या घरी बजेट ऐकायची एक पद्धत आहे. हे खुर्चीत बसून टीव्हीवर ऐकतात आणि बाकीचं घर ह्यांच्या तोंडून ऐकतं. उभा जन्म तहसील कार्यालयात कारकुनी करण्यात गेला, निवृत्त झाले तरी सवय जात नाही. सरकार एक वाक्य बोललं की त्याचा अर्थ लावून घरातल्या सगळ्यांना समजावल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि घरात समजून घ्यायला उरले मी एकटी. मुलगा-सून बंगळुरूला, नात त्यांच्याजवळ. म्हणजे गेली काही वर्षं देशाचा अर्थसंकल्प आमच्या मोहाडी गावात माझ्या एकटीसमोर सादर होतो.

यंदाही मी चटईवर बसून क्रोशानं एक शिंग विणत होते आणि माझ्या डोक्यावरून भाषण चाललं होतं. मधेच हे ओरडले, "अवं, आयकलं का? तुह्या कामाची गोष्ट सांगून राहिले!"

बजेटमध्ये माझ्या कामाची गोष्ट असू शकते हे मला नवीन होतं. सिलिंडर असेल म्हणून मी मान वर केली.

"स्वतःच्या वापरासाठी विदेशातून सामान मांगवलं तं त्याच्यावरचा टॅक्स आता कमी. एप्रिलपासून."

माझ्या हातातलं शिंग खाली पडलं.

शिंगाचा खुलासा आधी करते. मला क्रोशाचा नाद आहे. छंद म्हणत नाही, छंद फावल्या वेळात असतो. मी भात शिजायला टाकून चार ओळी विणते आणि मग भात लागतो. शाळेत हस्तकलेच्या तासाला सुई हातात आली ती सुटलीच नाही. टीव्हीवरचा रुमाल झाला, दाराची तोरणं झाली, फ्रिजच्या कड्याला मोजा झाला, मिक्सरला टोपी झाली. एकदा ह्यांच्या रेडिओला झबलं केलं होतं, तर त्यातून बातम्या ऐकू येईनात. पुढे मोबाइलवर जपानी तऱ्हेच्या बाहुल्या पाहिल्या, गोल गोल विणून आत कापूस भरायच्या, आणि माझं उरलंसुरलं डोकंही गेलं. हत्ती केले, घुबडं केली, एक पाणकोंबडी केली जी सगळ्यांना बदक वाटते. मे महिन्यात मोहाडीत ऊन असं असतं की अंगणात उभं राहिलं तर चप्पल चिकटते, पण आम्हा बायांचं विणकाम चालूच. लोकर नाही हो, सुती धागा. तेवढी अक्कल शाबूत आहे.

आम्ही बाया म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या निवृत्त नर्सबाई आणि त्यांच्या गल्लीतल्या दोघी. रोज दुपारी आमच्या ओसरीवर बैठक. ह्यांनी आमच्या बैठकीला नाव ठेवलंय, 'रिकामपणाचा कारखाना'. तसे वाईट काही बोलत नाहीत. चांगलंही बोलत नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या एकाही वस्तूला ह्यांनी 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. एखादी वस्तू पुरी करून समोर धरली की चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, "झालं का?" बस. तहसीलमध्ये फाइल समोर आली की असंच म्हणत असतील. मला ह्याचा राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

आता डोळे. बाहुलीचा सगळा जीव डोळ्यांत. नागपूरला इतवारीत जे डोळे मिळतात ते म्हणजे काळी प्लास्टिकची बटणं. ससा असो, वाघ असो, सगळ्यांना तेच. गेल्या वर्षी मी नातीसाठी तान्ह्या पोळ्याचा बैल विणला. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो, पोरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नातीनं हे सगळं फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. तिला लाकडाचा नको होता, आजीनं केलेला हवा होता. मी केला, झूल केली, घुंगरू लावले आणि फोनसमोर धरला. सहा वर्षांची पोर, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आजी, हा मला बघतच नाहीये."

मी म्हटलं, "बघतोय ना गं."

"नाही. बैलाचा डोळा आडवा असतो. आमच्या इथे रस्त्यावर बसतात, मी पाहिलंय. ह्याचा डोळा म्हणजे बटण आहे."

मी फोन ठेवला आणि तडक मागच्या गल्लीत गेले. तिथे एक बैल बांधलेला होता. त्याच्यासमोर वाकून उभी राहिले. पोर खरं बोलत होती. तपकिरी डोळा, आत आडवी काळी बाहुली, आणि तो माझ्याकडे असा पाहत होता जशी मी त्याची काहीतरी उधारी बुडवली आहे. इतकी वर्षं बैलांमध्ये काढली आणि हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

यंदा नात पहिल्यांदाच पोळ्याला येणार होती. येण्याआधी तिनं अट घातली होती, "बघणारा बैल." मी शब्द दिला होता. मला तो पाळायचा होता, दुसरं काही नाही. मोबाइलवर शोधता शोधता मला एक बाई सापडली होती, झेक देशातल्या कुठल्याशा गावातली, जी काचेचे डोळे बनवते. मांजराचे उभ्या बाहुलीचे, घुबडाचे पिवळे, आणि बैलाचे तपकिरी, आडवे, अगदी मागच्या गल्लीतल्या बैलाचे. मी रोज ते फोटो उघडून पाहायची. पण मागवायचे म्हटले की वर टपालखर्च आणि त्याच्यावर कर, हिशोब ऐकूनच जीव घाबरायचा. सुनेची एक मैत्रीण पूर्वी परदेशातून अशा वस्तू भेट म्हणून धाडायची, पण भेटीवरची सूटही केव्हाच बंद झाली होती.

आणि आता बजेट म्हणत होतं, मागव.

"मांगव," हेही म्हणाले, हात हवेत फिरवून, जसं काही त्यांनीच दिल्लीत बसून मंजूर केलं. "स्वतःच्या वापरासाठी हाय ना? मंग भ्याचं काय काम?"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी बातमी सांगितली आणि जो कल्ला झाला त्यानं शेजारचं कुत्रं उठून गेलं. नर्सबाईंना घुबडाचे डोळे हवे होते. गल्लीतल्या एकीला मांजराचे, दुसरीला कोल्ह्याचे, तिनं कोल्हा अजून केलेला नव्हता तरी. धाकटीला सगळेच.

आणि इथे आम्ही ती चूक केली. ती चूक आमच्यासारख्या बायाच करू शकतात, कारण आम्हाला ती चूक वाटलीच नाही. आम्ही कुठलीच गोष्ट एकटीनं आणत नाही. वर्षाची मिरची आणायची तर पोतं एकीच्या नावानं येतं आणि ओसरीवर वाटलं जातं. तुरीची डाळ तशीच, चिंच तशीच, दिवाळीला पोहे तसेच. दुकानदार थोकाचा, म्हणजे घाऊक, भाव लावतो, भाडं एकदाच लागतं. आता डोळे आणायचे म्हणजे काय वेगळं करायचं? टपालखर्च पाच वेळा कशाला द्यायचा? सगळ्यांचे डोळे माझ्या एकटीच्या नावावर मागवले. पाचशे.

पैसे मुलाच्या कार्डावरून भरले, पत्ता माझा, आधार माझं. झेक बाईनं खुशीचा निरोप धाडला, सोबत एक हसरा चेहरा. आम्ही पण हसरा चेहरा धाडला. धाकटीनं तर नमस्काराचे हात धाडले.

भाताची रोवणी आटोपली, श्रावण लागला, डोळे आले नाहीत. तोवर माझे बैल तयार होऊन बसले होते. एक नातीचा, बाकी आम्ही पोळ्याला गल्लीतल्या पोरांना द्यायला केलेले. आता ह्या कामाची एक खोड अशी की डोळा आधी बसवावा लागतो. डोळ्याला मागे दांडी असते, ती कापडातून आत घ्यायची, आतून चकती दाबायची, मग कापूस भरायचा आणि मग डोकं बंद करायचं. म्हणजे डोळे आले नाहीत तर डोकं उघडंच. माझ्या दिवाणावर बैलांची रांग बसली होती, सगळ्यांची डोकी वरून उघडी, आत काही नाही. हे येता-जाता म्हणायचे, "कोनाची मीटिंग हाय?"

मग मुंबईहून पत्र आलं. कस्टमचं. ह्यांनी ते आधी बाहेरून वाचलं, मग आतून, मग चष्मा पुसून परत. पाहता पाहता ह्यांचा चेहरा खुलत गेला. निवृत्तीनंतर ह्यांना सरकारचं पत्र पहिल्यांदाच आलं होतं, माझ्या नावावर का असेना.

"खुलासा मांगतला हाय," हे म्हणाले. आवाजात पेढा होता.

पत्राचा मतलब असा: स्वतःच्या वापरासाठीची सवलत ही स्वतःच्या वापरासाठीच असते. एका बाईला स्वतःच्या वापरासाठी पाचशे डोळे लागतात हे दिसायला व्यापारासारखं दिसतं. व्यापार असेल तर आयातीचा परवाना दाखवा, नसेल तर पुराव्यासह खुलासा करा. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी त्या खुर्चीत असते तर मलाही शंका आली असती. मी तर पोलीस धाडले असते.

"मानसाले दोन पुरतेत," हे म्हणाले. "तू पाचशे मांगवले."

"माह्या एकटीचे हायेत का? साऱ्याइचे हायेत!"

"तेच तं. साऱ्याइचे होते तं मंग तुह्या स्वतःचे कसे झाले?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात ठेवली.

पोळा जवळ येत होता. नातीचं विमानाचं तिकीट निघालं होतं. ह्यांनी टेबल पुसलं, कोरे कागद काढले, पेनात शाई भरली. सबंध सकाळ लिहीत होते. मला चहा मागितला नाही. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. दुपारी बाया जमल्या तेव्हा हे ओसरीवर आले, घसा साफ केला आणि वाचायला लागले.

सुरुवात फार छान होती. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' ऐकून नर्सबाईंनी पदर सावरला. अर्जदार ही गृहिणी असून क्रोशाकाम करते, सदर डोळे पाच महिलांनी टपालखर्च वाचवण्याच्या हेतूने एकत्र मागविले, त्यात व्यापाराचा उद्देश नाही. आम्ही माना डोलावत होतो. मग हे पुढच्या वाक्यावर आले.

"'अर्जदाराने तयार केलेल्या बाहुल्या आजतागायत कोणीही विकत घेतलेल्या नसून, भविष्यातही कोणी विकत घेईल अशी शक्यता दिसून येत नाही.'"

आमच्या माना डोलायच्या थांबल्या.

"काय म्हनलं?" मी विचारलं.

ह्यांनी ते वाक्य परत वाचलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच खणखणीत.

माझं पित्त असं खवळलं की सुई कुठे गेली ते कळलं नाही, संध्याकाळी ती धाकटीच्या पदरात सापडली. मी म्हटलं, ही सही मी करणार नाही. पस्तीस वर्षं तुम्ही 'झालं का' म्हणालात ते ऐकून घेतलं, पण सरकारला लिहून देऊ की माझ्या हातच्या वस्तूला कुत्रंही विचारत नाही? बैल आंधळा राहिला तर राहो.

"अवं, तुह्या भल्यासाठी लिहिलं," हे म्हणाले. ह्यांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले. "कोनी घेत नाई म्हनजे धंदा नाई. सीधी गोष्ट हाय."

नर्सबाई समजुतीच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आजवर कोनी घेतलं नाई म्हना नं. पुढं कोनी घेनार नाई, हे कायले लिहून राहिले?"

"अर्जात फट ठेवाची नसते बाई. फट ठेवली का कारकून त्यात बोट घालते. मी घालत होतो."

आता आमच्याकडे एक रीत आहे. धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. समोर बसली तरी डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं झालं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून ह्यांच्याशी तिचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. "बाई, त्याइले सांगा, चहा थंडा होऊन राहिला." चहा ह्यांच्यासमोर, ती चहासमोर, आणि निरोप माझ्याकडे. मी अर्धं आयुष्य ह्या दोघांचं टपाल वाहिलं.

तर त्या दिवशी धाकटी उठून उभी राहिली, पदर खाली घसरला तो घसरू दिला आणि ह्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "काहून नाई घेनार कोनी? मी घेन! मी पैसे देऊन घेन बाईचा बैल!"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, रीत ती रीत. माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "तिले सांग, तिनं घेतला तं मंग तो व्यापार होते."

आधी नर्सबाई फुटल्या. मग गल्लीतल्या दोघी. मग धाकटी स्वतःच मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोटातून जे वर आलं ते थांबेना. रागानं रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकाच वेळी नाकातून आलं. हे मधोमध उभे, कागद हातात, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ह्यात विनोद कुठल्या परिच्छेदात आहे?

सही केली. दिवाणावर तो बैल उघड्या डोक्यानं बसलेला दिसत होता आणि मी नातीला शब्द दिला होता. माझा मान त्या पोरीपेक्षा मोठा नव्हता. पण सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कोऱ्या कागदावरही उमटली.

पुरावा म्हणून फोटो जोडायचे होते. ह्यांनी आम्हाला ओसरीवर ओळीनं बसवलं, प्रत्येकीच्या मांडीवर तिची तिची आंधळी प्रजा, पुढे उघड्या डोक्याचे बैल. हसायचं नाही, असा हुकूम. शासकीय फोटो आहे. धाकटीला अजून उबळी येत होत्या. शेवटी जो फोटो गेला त्यात चौघी ताठ बसल्या आहेत आणि पाचवीच्या जागी नुसता पदर आहे.

पार्सल सुटलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोस्टात आलं, कर भरून घेऊन या म्हणाले. हे स्वतः गेले, पावती उलटीसुलटी तपासली आणि खूश होऊन आले, कर सवलतीच्याच दरानं लागला होता. सोबत सूचना होती, पुढच्या वेळी ज्याचं त्यानं आपल्या नावानं मागवावं. आम्ही सगळ्यांनी ती वाचली. ज्याचं त्यानं मागवायचं, हे आमच्यापैकी कुणालाच आजवर सुचलं नव्हतं.

मी सूप आणलं आणि पिशवी त्यात ओतली.

"माय वो!" धाकटी दोन पावलं मागे सरकली. "सारे मलेच पाहून राहिले!"

तांदळाच्या सुपात पाचशे डोळे. पिवळे, हिरवे, तपकिरी, कुठे तोंड करून पडतील त्याचा नेम नाही. सूप हलवलं की सगळे एकदम नजर फिरवायचे. आम्ही ते पुन्हा पुन्हा हलवलं. नर्सबाईंसारखी शिस्तीची बाई, पण त्यांनीही दोनदा हलवून पाहिलं. मग चहाच्या कपानं वाटप, मिरचीसारखं. बैलांचे डोळे मी आधी वेचून बाजूला काढले आणि पदराच्या गाठीला बांधले.

अडचण निघाली चकतीची. काचेच्या डोळ्याची मागची चकती इतकी घट्ट होती की आम्हा कुणाच्या अंगठ्यानं बसेना. नर्सबाईंनी जोर लावला, मी लावला, खलबत्ता आणला, पण काच फुटायची भीती. हे खुर्चीत पेपर वाचत होते. थोड्या वेळानं पेपर खाली आला. "आना इकडं," म्हणाले. बैलाच्या उघड्या डोक्यात दोन बोटं घातली, ओठ आवळले आणि टक् आवाज आला. डोळा बसला. मग दुसरा. मग पुढचा बैल. चाळीस वर्षं रबरी शिक्के मारलेला हात, त्याला काय अवघड? रिकामपणाच्या कारखान्यात त्या दिवशी हे दिवे लागेपर्यंत मजुरीला होते. "झालं का?" मी मुद्दाम विचारलं. "दम धर," म्हणाले.

नातीचा बैल मी स्वतः बंद केला. कापूस भरला, शेवटचा टाका घातला, झूल चढवली आणि चाकांच्या पाटावर उभा केला.

रात्री नात आई-बाबांबरोबर आली. दाराशीच थबकली. बैलासमोर खाली बसली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग ती हळूच म्हणाली, "आजी, हा बघतोय." आणि मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "बघतोय गं हा!" मला इतका आनंद झाला की मी तिला उचलायला गेले आणि कमरेत उसण भरली. तशीच नाचले.

दुसऱ्या दिवशी पोळा, तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. शाळेच्या मैदानात पोरांची ही गर्दी, लाकडाचे नंदी, कुणाचा विटेएवढा, कुणाचा पोरापेक्षा उंच. ह्यांनी आपला दुपट्टा सोडून नातीला फेटा बांधला होता. पोळ्याला झडती म्हणायची रीत आहे, म्हणजे दोन ओळी ठसक्यात म्हणायच्या आणि सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. हिची झडती नर्सबाईंनी जुळवली आणि ह्यांनी शिकवली. बंगळुरूच्या पोरीनं मैदानाच्या मधोमध उभं राहून जी म्हटली, तिचा 'कायले' ऐकून माझं मन भरून आलं:

"बैल माझा मोहाडीत, डोळे त्याचे मुंबईले,
कस्टमवाले इचारतेत, इतके डोळे कायले?"

हर बोला हर हर महादेव! असा गजर झाला की हिच्या फेट्याचं टोक उडालं.

त्या गजरातच एक गृहस्थ आमच्यापाशी आले. नागपूरला त्यांचं खेळण्यांचं दुकान, इथे सासुरवाडीला आलेले. बैलासमोर उकिडवे बसले, झुलीला हात लावला, डोळ्यात डोळा घालून पाहिलं आणि मला म्हणाले, "काकू, हा तुम्ही केला? कितीले देता? असे आनखी असले तं सारे घेतो."

मी काय सांगू? पस्तीस वर्षं ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते वाक्य मैदानात, सगळ्यांसमोर, माझ्या पुढ्यात येऊन उभं होतं. नातीनं बैलाला दोन्ही हातांनी मिठी मारली. धाकटी पदराआडून ह्यांच्याकडे बघत होती, आता हे काय म्हणतात.

हे पुढे आले. सरळ उभे राहिले, कार्यालयात राहायचे तसे. "विकाऊ नाई," म्हणाले. "सरकारले लिहून देलं हाय." मग हळूच, "पन समजा असता, तं तुम्ही किती देले असते?"

त्या गृहस्थांनी आकडा सांगितला. घरी येईस्तोवर ह्यांनी तो आकडा वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितला, पोस्टमनला थांबवून सांगितला. त्यानं विचारलंही नव्हतं.

जेवणं झाली. नात बैलाला घेऊन दिवाणावर झोपली. मी ओटा पुसून आले तर हे टेबलाशी बसलेले, कोरा कागद, शाईचं पेन. म्हटलं, आता कुणाला खुलासा?

"शुद्धिपत्र," हे म्हणाले. वर पाहिलं नाही. लिहून झालं तसं वाचून दाखवलं.

"'यापूर्वी सादर केलेल्या खुलाशातील, भविष्यातही कोणी विकत घेईल अशी शक्यता दिसून येत नाही, हे विधान चुकीचे असल्याचे आज रोजी निदर्शनास आले आहे. सबब ते विधान रद्द समजण्यात यावे. बैल मात्र विकलेला नाही.'"

मी कंबर धरून तशीच उभी राहिले. विचारलं, "हे धाडता का मुंबईले?"

"येड लागलं का? पुन्हा खुलासा मांगतीन." कागद फुंकून शाई वाळवली. "पन चूक झाली तं लेखी असावं."

मी पेनासाठी हात पुढे केला. मागच्या खुलाशावर सही माझीच होती, ह्यावरही माझीच लागेल असं वाटलं.

"तुही नाई लागत," हे म्हणाले, आणि खाली स्वतःची सही केली.